माहा आनंद राह्यला

मार्थाबाईंना मी विचारलेला पहिला प्रश्न होता, "किती वर्षांचा आहे?"

नोकरीचा माझा तिसरा की चौथा दिवस असेल. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वर्ध्याच्या बाहेर, पिपरीच्या अंगाला, मिशनचा एक छोटा दवाखाना होता. तिथल्या कार्डरूममध्ये मला ठेवलं होतं, कारण डॉक्टर इंग्रजीत काय लिहितात ते मला वाचता यायचं. दुसरा काही गुण माझ्यात कोणाला दिसला नसावा. मी सिस्टर्सच्या शाळेत शिकले होते. आमचं घर वडनेरकडचं, शेतकऱ्यांचं. वडील नोकरीमुळे शहरात आलेले. घरी आई वऱ्हाडीत बोलायची, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची आणि चुलत भावंडं मला "मॅडम" म्हणून चिडवायची. त्यामुळे मी कमीच बोलायची. कार्डरूमला एक लहानशी खिडकी होती. नाव विचारायचं, गाव विचारायचं, कार्ड पुढे सरकवायचं. मला ते पुरेसं होतं.

त्या दिवशी चारच्या सुमाराला एक ठेंगणी बाई खिडकीशी न येता सरळ दारात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातांची कातडी सोड्यानं पांढरी पडून सुरकुतलेली, डोळे लालभडक. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरात वाकलेलं होतं, ते सरळ होत नसे.

"बाई, दोन मिनिटं हाये का? माहा आनंद राह्यला."

"कुठे राहिला?" मी विचारलं.

"कुठं राहीन? इथंच हाये."

मी तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी मूल नव्हतं. मग मी तो वयाचा प्रश्न विचारला.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "आजचाच हाये. सकाळी झाला."

मी बाळंतपणाचं कोरं कार्ड काढलं आणि आईचं नाव विचारलं. तेव्हा मात्र तिला दाराची चौकट धरावी लागली, इतकी ती हसली. "कारड ठेव वो बाई! लेकरू नोहोय ते. आनंद! आनंद कराचा राह्यला माहा."

मार्थाबाई दवाखान्यातल्या पट्ट्या धुवायच्या. तेव्हा पट्ट्या फेकून देत नसत. जखमेवरून काढलेल्या पट्ट्या बादल्यांत जमा व्हायच्या. त्या आधी गार पाण्यात भिजवायच्या, मग मागच्या आवारातल्या भट्टीवर मोठ्या हंड्यात सोडा घालून उकळायच्या, तारेवर वाळवायच्या आणि हातानं फिरवायच्या लाकडी यंत्रावर घट्ट गुंडाळायच्या. पू, रक्त, मलम, जळालेली कातडी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्या मूळच्या तळेगावच्या. आईबाप एका आठवड्यात पटकीच्या साथीत गेल्यावर त्या आणि त्यांची धाकटी बहीण मिशनच्या वसतिगृहात वाढल्या. नवरा दवाखान्याचा चौकीदार होता, तोही लवकर गेला. हे मला इतरांनी सांगितलं. स्वतःविषयी त्या एवढंच सांगायच्या की आपल्याला एक आज्ञा मिळाली आहे.

वसतिगृहात असताना एकदा चर्चच्या पाळकांनी बायबलातल्या एका प्रेषिताची गोष्ट सांगितली होती. मार्थाबाई ती अशी सांगायच्या: "तुरुंगात बसला हाये माणूस. पायात बेडी. अन् आपल्या लोकायले चिठ्ठी धाडते का आनंद करा. 'करा' म्हटलं त्यानं. 'झाला त पाहा' असं नाई म्हटलं. म्हंजे सैपाक करा, झाडलोट करा, तसं आनंद करा. होत नसते तो आपोआप. करा लागते."

मी शाळेत नऊ वर्षं रोज सकाळी आनंदाची गाणी इंग्रजीत गायली होती. त्यांत आनंद नदीसारखा वाहायचा, सूर्यासारखा उगवायचा. तो भांड्यांसारखा घासायला लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या करण्याचे नियम पक्के होते. आनंद आजचा पाहिजे, कालचा चालत नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला पाहिजे. खरा पाहिजे. आणि तो कोणाला तरी सांगायला पाहिजे. मनातल्या मनात केलेला धरत नाहीत. म्हणून त्या रोज चार वाजता माझ्या दारात यायच्या, वाकडं बोट वर करायच्या आणि सांगायच्या.

"आज धा नंबरच्या बुढ्यानं स्वतःच्या हातानं शर्टाची बटन लावली." किंवा, "आज तारेवर पट्ट्या वायत होत्या त मधातून एक पिवयं फुलपाखरू गेलं. एका बी पट्टीले नाई लागलं."

एवढंच. सांगून झालं की बोट खाली यायचं. "झाला आजचा. जातो मी." आमच्याकडच्या बायका "जातो" म्हणतात, शाळेत मला त्याची लाज वाटायची.

सगळे त्यांची चेष्टा करायचे. वॉर्डबॉय सखाराम एकदा म्हणाला, "मार्थाबाई, आज मेट्रन सायकलवरून पडली. आपला तर लई आनंद झाला!"

"ते मजा होय, सख्या," त्या म्हणाल्या. "मजा फुकट भेटते. कुत्र्याले बी भेटते."

मला वाटायचं, हे सगळं फार सोपं आहे. फुलपाखरू पाहायचं आणि पुण्य मिळवायचं. मग ती भाजलेली बाई आली.

माझ्याहून लहान होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरच्यांनी कार्डावर लिहायला सांगितलं आणि मी तसंच लिहिलं. ती तीन दिवस होती. मार्थाबाई तिच्या पट्ट्या दिवसातून चार वेळा न्यायच्या. पट्टीबरोबर काय निघून यायचं ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. सासरचं कोणी जवळ नव्हतं. चार वाजता मार्थाबाई आल्या आणि माझ्या टेबलाशेजारच्या बाकड्यावर बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. घड्याळात साडेचार झाले. मला वाटलं, आज राहू द्या असं म्हणावं. पण मी कार्डं नीट करत राहिले.

शेवटी वाकडं बोट जेमतेम वर आलं.

"तिनं पाणी मांगतलं. मी देल्लं. त मले 'माय' म्हटलं तिनं."

मग उठून गेल्या. त्या दिवसानंतर मी त्यांना हसले नाही. पण भ्याले. ज्या बाईला त्या दिवशीही आनंद सापडतो, तिच्यापासून जरा लांब राहावं असं वाटायला लागलं.

"तुम्ही मलाच का सांगता?" मी एकदा विचारलं.

"रूथ ऐकत नाई आता. अन् तू बोलत नाई. ऐकाले असंच माणूस पाह्यजे."

रूथ त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, माझ्याच वयाची. लहानपणी सांधेताप झाला आणि त्यात हृदयाची झडप गेली. तिला मद्रासकडे नेऊन आणलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि आता फार उशीर झाला आहे म्हणाले. दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये ती खाटेवर उशांना टेकून बसलेली असायची आणि पट्ट्या गुंडाळण्याचं यंत्र मांडीवर घेऊन थांबत थांबत फिरवायची. ओठ जांभळट, पाय सुजलेले, आणि जीभ अशी की सखाराम त्या खोलीत जायला बिचकायचा.

तिची औषधं द्यायला मी जायला लागले आणि मग औषध नसतानाही जायला लागले.

"झाली का मायची हजेरी?" ती विचारायची. "आज काय दिसलं? मुंगी? का मुंगळा?"

"मुंगूस," मी म्हणायची, आणि ती हसायची. हसलं की तिला धाप लागायची.

पावसाळा सरत आला तेव्हा तिचं आडवं होणं बंद झालं. आडवं झालं की गुदमरायची. एका दुपारी यंत्राचा दांडा धरून ती नुसतीच बसली होती. मला म्हणाली, "शैला, एक सांगू? माह्यासाठी माय एक बी डाव रडली नाई. मद्रासचा डॉक्टर सांगत होता, तईबी नाई. सायंकाळी मले म्हणते का रेल्वेच्या खिडकीतून समुद्रासारखं काईतरी दिसलं. मी मरून राह्यली अन् ते समुद्र पाहून राह्यली!"

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मी म्हणाले. हे इतकं पोचट होतं की मलाच ऐकवेना.

"स्वभाव नोहोय. तिचा देव तसा हाये. रोज आनंद मांगते. मले एक दिवस पाह्यजे फक्त. एक दिवस तिनं आनंद नोको करू. माह्या नावानं रडू दे. म्हंजे मले समजन का मी होती म्हणून." मग माझा हात धरून म्हणाली, "तिले सांगशील नोको पण. मांगून रडली त काय कामाचं?"

कोणाचं गुपित राखणं मला जड जात नाही. मी कोणाला काही सांगतच नाही.

त्यानंतर आठवड्याभरात मेट्रननं मला पट्ट्या किती तयार आहेत ते विचारायला मागे पाठवलं. अडीच वाजले होते. दुपारच्या जेवणानंतर त्या वेळी भट्टीकडे कोणी फिरकत नसे. वाफ, धूर आणि सोड्याचा वास. हंडा खदखदत होता. मार्थाबाई हातात दांडकं घेऊन त्यावर वाकल्या होत्या. इतक्या वाकल्या होत्या की तोंड भाजेल असं मला वाटलं. जवळ गेल्यावर हंड्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू आला. त्या रडत होत्या. तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तशा, आणि मधूनमधून रूथचं नाव घेत होत्या. हात मात्र थांबला नव्हता. पट्ट्या ढवळल्या जात होत्या.

मला पाहिल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"किती वेळ झाला तुले?"

"आत्ताच आले."

"रूथले सांगजो नोको." त्यांनी दांडकं हंड्यावर आडवं ठेवलं. "रोजचं हाये हे. पट्ट्या उकयतवर रडतो. मग तोंड धुतो. तिले सांगतो का सोड्यानं डोये लाल होते. पोरीनं आपलं मरण मायच्या डोयात पाहू नाई. समजलं?"

मी मान हलवली.

"अन् चार वाजता आनंद कराचा राह्यते," त्या म्हणाल्या. "रडल्याबिगर होत नाई तो. आधी भांडं खाली करा लागते."

त्या लाल डोळ्यांकडे मी सहा महिने रोज चार वाजता पाहत होते आणि मलाही तो सोडाच वाटला होता.

आता माझ्याकडे दोघींची गुपितं होती. मुलीला जे हवं होतं ते आई रोज करत होती, क्वार्टरपासून शंभर पावलांवर. दोघींनीही माझ्याकडून वचन घेतलं होतं. पंधरा दिवस मी कार्डं लावत राहिले. धाडस नव्हतं, हे खरं कारण. वचनाचं मी स्वतःला सांगायची.

दसऱ्याच्या दिवशी मला अर्धी ड्युटी होती. सोनं संध्याकाळी वाटतात, पण संध्याकाळी मला घरून निघता आलं नसतं, म्हणून दुपारीच आपट्याची पानं घेऊन रूथकडे गेले. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. बाहेर स्टाफची मुलं तारांवर नीलकंठ शोधत ओरडत फिरत होती. रूथचे ओठ त्या दिवशी अगदी निळे होते.

"सोनं कोणासाठी आणलं वो?" ती म्हणाली. "पुढच्या दसऱ्याले परत कराले मी कुठं राह्यतो?"

काय झालं मला माहीत नाही. मी म्हणाले, "तुझी आई रोज रडते."

ती उशीवरून पुढे झाली. "खोटं बोलू नोको."

"मी खोटं बोलत नाही. मी बोलतच नाही."

"कुठं?"

"भट्टीपाशी. आत्ता रडत असतील."

वॉर्डातली चाकाची खुर्ची मी कोणाला न विचारता आणली. रूथला तिच्यात बसवलं आणि मागच्या व्हरांड्यातून कडुनिंबापर्यंत ढकलत नेलं. तिथून भट्टी वीसेक पावलं. मार्थाबाई आमच्याकडे बाजू करून उभ्या होत्या. वाफेत कधी दिसायच्या, कधी नाही. आवाज मात्र येत होता. "रूथा... माही रूथा..." आणि दांडकं फिरत होतं.

"हाक मारू?" मी हळूच विचारलं.

"नोको. हाक मारली त पदर लावते डोयाले." ती पुढे झुकली. "पाहू दे."

किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. शेवटी तीच म्हणाली, "चाल." परतताना म्हणाली, "तिले कधी सांगू नोको मी पाह्यलं म्हणून. तिची रडाची तेवढी एकच जागा हाये. समजलं त ते बी जाईन."

चार वाजता कार्डरूम बंद होती, म्हणून मार्थाबाई क्वार्टरमध्येच आल्या. त्यांचं बोट वर जायच्या आधी रूथनं आपलं बोट वर केलं, मुद्दाम वाकडं करून.

"आज माहा बी हाये. आज मी पाह्यलं."

मार्थाबाई जागच्या जागी थांबल्या. कित्येक वर्षांत तिनं सांगितलं नव्हतं. "काय पाह्यलं?"

"सांगत नाई."

"सांगा लागते! नियम हाये."

"पाह्यलं एवढं सांगतलं ना. खरं हाये, आजचं हाये, माह्या डोयानं पाह्यलं. बस."

बाहेर पोरं पुन्हा ओरडली आणि मार्थाबाईंचा चेहरा उजळला. "नीलकंठ पाह्यला! शैला, पोरीनं नीलकंठ पाह्यला आज!"

रूथ माझ्याकडे पाहून हसली. नाही म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. दुपारी दवाखान्यामागच्या दफनभूमीत तिला पुरलं. मी परत येऊन कार्डरूममध्ये बसले, कारण दुसरीकडे कुठे बसावं ते कळेना. चार वाजता दारात पावलं वाजली. पायांना ओली माती, डोक्यावर पदर.

"माहा आनंद राह्यला," मार्थाबाई म्हणाल्या.

मी म्हणाले, "आज नको ना, मार्थाबाई."

"आजच त करा लागते." त्या चौकटीला टेकल्या. बोट वर येत नव्हतं. दुसऱ्या हातानं त्यांनी ते धरलं. "माती ओली होती. खोदणाऱ्याले तरास नाई झाला."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता भट्टीवर वाफ होती. मी तिकडे गेले नाही. पुढे कधीच त्या वेळी गेले नाही. कोणी जायला निघालंच तर काहीतरी काम काढून थांबवायची. माझ्याकडून तेवढंच झालं.

अशी नऊ वर्षं गेली. त्या रोज चार वाजता यायच्या. काही दिवस आनंद इतका बारीक असायचा की ऐकूनही मला दिसायचा नाही. दसऱ्याला मात्र त्या नवीन काही शोधत नसत. "आज रूथनं नीलकंठ पाह्यलता," म्हणायच्या. कालचं चालत नाही हा नियम त्यांनी तेवढ्या एका दिवसापुरता मोडला होता. मी टेबलाकडे पाहत राहायची.

मग तयार पट्ट्यांची खोकी यायला लागली. वापरायच्या आणि टाकून द्यायच्या. भट्टी पाडली. मार्थाबाईंच्या हातांना काम उरलं नाही आणि तळेगावच्या बहिणीनं त्यांना बोलावून घेतलं. मी वर्ध्याच्या बसस्टँडवर त्यांना पोचवायला गेले. एक ट्रंक, एक पिशवी आणि पट्ट्या गुंडाळायचं ते लाकडी यंत्र. त्या खिडकीशी बसल्या. शेजारी भाजीची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई होती.

"तिथं भट्टी नाई," खिडकीतून त्या एवढंच म्हणाल्या.

तेव्हा मला वाटलं, आता राखायला काही उरलं नाही.

"मार्थाबाई, रूथनं नीलकंठ पाहिला नव्हता."

"मंग?"

"तुम्हाला पाहिलं होतं. भट्टीपाशी. मी खुर्चीत बसवून नेलं होतं. तुम्ही तिचं नाव घेऊन रडत होता. ती म्हणाली, हाक मारू नको, पाहू दे."

त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. "नऊ वर्सं?" त्या ओरडल्या. पुढच्या बाकावरची माणसं वळली. "नऊ वर्सं मी पाखरू म्हणत राह्यली, अन् तू तिथं बसून ऐकत राह्यली? काऊन? काऊन नाई सांगतलं, पोरी?"

"तिनं..." मी म्हणाले, पण कंडक्टरनं घंटी दिली आणि पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. गाडी हलली. मी दोन-चार पावलं बरोबर चालले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

बस फाटकाशी वळायला थांबली तेव्हा काचेतून त्या पुन्हा दिसल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हनुवटीवरून खाली, आणि पदर खांद्यावर तसाच होता. त्यांनी तो वर नेला नाही. कंडक्टर तिकिटासाठी हात पुढे करून उभा होता. त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या टोपलीवाल्या बाईकडे पूर्ण वळल्या होत्या आणि वाकडं बोट वर करून तिला काहीतरी सांगत होत्या.